आमच्याकडे कुणी आजारी नाही

तेज

माझ्या डोहाळजेवणाला आलेली प्रत्येक बाई मला एकच गोष्ट सांगत होती, की चेहऱ्यावर काय तेज आलंय. हिरवी साडी, फुलांची वाडी, कमरेला गजऱ्यांचा पट्टा अशा थाटात मी सजवलेल्या खुर्चीत बसले होते आणि बासुंदीच्या वासाने मला ढवळून येत होतं. सातवा महिना, मळमळणारच, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच मत होतं. वाटीखाली झाकलेला पेढा निघाला तेव्हा मुलगा होणार म्हणून टाळ्या पडल्या, आणि मी आतल्या खोलीत जाऊन अर्धा तास आडवी झाले.

संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो आले. बाईचा स्वभाव, आपला चेहरा आधी मोठा करून बघायचा. मी बघितला. मी सहावीला विज्ञान शिकवते. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा असतो, एवढं मला कळतं. माझा लिंबाच्या सालीसारखा झाला होता. मग दोन दिवस लघवी कोऱ्या चहासारखी का होत होती, तेही एकदम ध्यानात आलं.

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारली. त्याने आधी फोनच्या कॅमेऱ्याला दोष दिला, मग हॉलमधल्या बल्बला. सकाळी उन्हात सासूबाईंनी, मी त्यांना आईच म्हणते, माझी पापणी अंगठ्याने खाली ओढून पाहिली. एक शब्द बोलल्या नाहीत. काल हॉलमध्ये राहिलेलं हळदीकुंकवाचं तबक उचलून आत घेऊन गेल्या. आई बोलत असतात तोवर मला काळजी नसते. त्या गप्प झाल्या की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

रक्त तपासायला दिलं, रिपोर्ट त्याच दिवशी आला. आमच्या डॉक्टरबाई तिसऱ्या महिन्यापासून मला तपासत होत्या, नेहमी थट्टा करायच्या. आज त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि लगेच ॲडमिट व्हा म्हणाल्या. मी म्हटलं, सोमवारी शाळेत चाचणी आहे.

"वृषाली, चाचणी दुसरं कुणी घेईल," त्या म्हणाल्या. "पाण्यातून होणारी ही कावीळ इतरांना झाली तर महिन्याभरात माणूस उठून कामाला लागतं. पोटात बाळ असताना ती वेगळी वागते. आईचं आणि बाळाचं, दोघांचंही सांगता येत नाही."

सांगता येत नाही म्हणजे काय, असं नितीनने विचारलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

आजाराची माहिती डॉक्टर देतीलच, माझ्यापेक्षा चांगली देतील. मी लिहायला बसले ते आजाराच्या भोवती जी माणसं उभी राहतात त्यांच्याबद्दल. आमची बिल्डिंग वाईट नाही. माझ्या डोहाळजेवणाला कुणी करंज्या करून आणल्या, कुणी खुर्ची सजवली. त्याच माणसांनी पुढे जे केलं ते तुमच्याही बिल्डिंगमध्ये होईल, म्हणून सांगते.

सगळ्यांनी अंगठा दाखवला होता

आम्ही विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात राहतो. चार मजले, लिफ्ट नाही, आणि पाण्याचं विचाराल तर नळाला येतं त्यापेक्षा टँकरने जास्त येतं. दोन्ही पाणी तळमजल्याखालच्या टाकीत एकत्र पडतं आणि तिथून वर चढतं. जूनमध्ये त्या पाण्याला वास यायला लागला. सोसायटीचे अध्यक्ष सावंतकाका, रिटायर झालेले आणि उरलेलं सगळं आयुष्य बिल्डिंगला वाहिलेले, त्यांनी ग्रुपवर लिहिलं की सर्वांनी पाणी उकळून प्यावे. सगळ्यांनी अंगठा दाखवला.

आणि खरंच उकळलं. उगाच कुणाची निंदा करणार नाही. कुकरच्या शिट्ट्यांच्या जोडीला घराघरात पातेली खदखदताना ऐकू यायची. मी तर दातसुद्धा उकळलेल्या पाण्याने घासायचे, भाजी त्याच पाण्याने धुवायचे. नितीन म्हणायचा, उद्या नवऱ्यालाही उकळून वाळत घालशील. आईंनी उकळलेल्या पाण्याचा हंडा वेगळा ठेवला होता, त्याला वेगळा ओगराळा होता, आणि तो ओगराळा दुसऱ्या भांड्यात बुडवण्याची कुणाची छाती नव्हती. संगमेश्वराकडच्या बाईने सोवळ्यातली शिस्त पाण्याला लावली की जंतूलाही धाक बसावा.

मग मला कावीळ झाली कशी? हा प्रश्न मला पडण्याआधी बिल्डिंगला पडला, आणि बिल्डिंगने तो सोडवूनही टाकला. पाणीपुरी. डोहाळे लागले असणार, शाळेतून येताना स्टेशनबाहेर खाल्ली असणार, घरच्यांना काय पत्ता. मला पाणीपुरीचे डोहाळे लागले होते, हे खरं आहे. पाचव्या महिन्यात मी त्या गाडीसमोर उभी राहून नुसता वास घेऊन घरी आले होते. न खाल्लेल्या पाणीपुरीचा आळ आला याचा मला आजही राग येतो. खाल्ली असती तर निदान चव तरी मिळाली असती.

मी ॲडमिट झाल्यावर चार-पाच दिवसांत आरोग्य खात्याच्या बायका आमच्या भागात घरोघर विचारत आल्या. आसपास कावीळ वाढली होती. घरात कुणाला ताप, उलट्या, डोळे पिवळे, एवढंच विचारायच्या. त्या गल्लीच्या तोंडाशी असतानाच सावंतकाका मजल्यामजल्यावर जाऊन आले. त्यांचं म्हणणं असं, की एकाने जरी हो म्हटलं तर टाकी सील करतील, टँकर बंद होतील, आणि ऐन पावसाळ्यात कोरड्या हंड्यांनी बसायची पाळी येईल. विरारमध्ये राहणाऱ्या माणसाला याहून मोठी भीती घालता येत नाही. त्यामुळे चारही मजल्यांवर एकच उत्तर मिळालं, आमच्याकडे कुणी आजारी नाही.

दाराआड मात्र निम्मी बिल्डिंग पिवळी होती. कुणाच्या मुलाचं पित्त वाढलं होतं, कुणाच्या नवऱ्याला व्हायरल झालं होतं. खाडीपलीकडच्या एका गावात चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे रविवारी आमच्याच बिल्डिंगमधली माणसं एकमेकांना भेटत होती आणि ओळख न दाखवता रांगेत उभी राहत होती. परत आल्यावर त्याची मुळ्यांची माळ कॉलरच्या आत लपवायची. उकाड्यात वरचं बटण लावलेला माणूस दिसला की समजून जायचं.

हे सगळं मला नितीनने हॉस्पिटलात सांगितलं. तो सातिवलीला एका कारखान्याच्या गाळ्यात सुपरवायझर आहे, शिफ्ट संपली की तसाच माझ्याकडे वसईला यायचा. सांगताना तो एका जागी अडखळला. मी विचारलं, आपल्या दारात कोण होतं?

"आई."

"आणि आई काय म्हणाल्या?"

त्याने खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "म्हणाली, सून माहेरी गेलीय. बाळंतपणाला."

हात पुढे करा

हॉस्पिटलातला दिवस रोज सारखाच सुरू व्हायचा. डॉक्टरबाई यायच्या, नाव विचारायच्या, वार विचारायच्या, मग म्हणायच्या, हात पुढे करा. दोन्ही हात सरळ, तळवे समोर, रस्त्यात गाडी थांबवतात तसे. डोळे मिटायचे. त्या काही क्षण बघायच्या आणि ठीक म्हणायच्या.

हे कशासाठी, ते सिस्टर फिलोमिनांनी सांगितलं. त्या वसईच्या गावातल्या, वाडीतलं घर, निवृत्तीला आलेल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. यकृत थकलं की रक्तातलं विष डोक्यात चढतं, माणूस बरळायला लागतं, पण त्याच्या आधी हात फडफडतात. म्हणून आधी हात बघायचे. ते कळल्यापासून मी दिवसभर चादरीखाली हात ताणून बघायला लागले. ताणले की थोडे थरथरतातच. मग रडू यायचं, आणि रडताना ते जास्त थरथरायचे.

दुसरी परीक्षा बाळाची. ते फिरलं की मी श्वास सोडायचे. दुपारी ते गाढ झोपायचं आणि मी कुशी बदलत, पोटावर थापट्या मारत त्याला उठवायचे. मूल झोपलं की इतर आया खूश होतात, मी मात्र माझ्या बाळाला एक डुलकी सुखाने घेऊ दिली नाही.

खाज हा या आजारातला सगळ्यात हलकट भाग आहे. तळहात, तळपाय, पाठ. मी रक्त निघेपर्यंत खाजवलं. सिस्टर फिलोमिनांनी माझी नखं कापली, ओल्या फडक्याने पाठ पुसली, आणि मी वर्गात मुलांना जशी तंबी देते तशी मला दिली. त्या फडक्याचा गारवा मी विसरणार नाही. अशा दिवसांत माणसाला देव आठवतो म्हणतात, मला अजूनही ते फडकं आठवतं.

आई रोज विरारहून पेज घेऊन यायच्या. उकळलेल्या पाण्याची, घोटून मऊ केलेली. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. माहेरी गेलेल्या सुनेला पेज कशी पोचते, असं विचारायचं माझ्या जिभेवर होतं, पण त्या चमचा तोंडाशी धरायच्या आणि मी तोंड उघडायचे. त्यांनीही ती मुळ्यांची माळ आणली होती. सिस्टरांनी गळ्यात घालू दिली नाही, तेव्हा त्यांनी ती कॉटच्या दांडीला बांधली. कॉटची कावीळ तरी उतरेल, असं मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात नितीनने विचारलं. फळं कापत होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "खरं सांग, मी रागावणार नाही. खाल्ली होतीस का?"

आमच्या लग्नात मी त्याच्यावर कधी एवढी ओरडले नव्हते. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. तो सुरी तशीच ठेवून बाहेर गेला, आणि मी दोन्ही हात पोटावर ठेवून त्या बाळाला सांगत राहिले की मी नाही खाल्ली, बाबा, तुझी शपथ नाही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वार विचारल्यावर मला थोडा वेळ लागला. हात पुढे केले. डॉक्टरबाईंनी ठीक म्हटलं नाही. पुन्हा करा म्हणाल्या. मी डोळे उघडून पाहिलं तर बोटं खालीवर होत होती. मी थांबवायला बघत होते आणि ती थांबत नव्हती.

मग सगळं भराभर झालं. रक्त घेतलं, सलाईन बदललं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला, ॲम्ब्युलन्स सांगून ठेवली. नितीनकडून सह्या घेतल्या. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर हलवू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. नितीनने हळूच विचारलं, वेळ आली तर दोघांपैकी कुणाला... आणि त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. मी सगळं ऐकत होते. मला मरायची भीती वाटत होती, साफ सांगते. बाळाच्या आधी माझीच वाटत होती, नंतर बाळाची.

कोरडं भांडं

आई धावतच आल्या. कॉटजवळ बसल्या, माझ्या पोटावर हात ठेवला, ओठ हलत होते. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या ओठांशी आणली. सिस्टर फिलोमिनांनी वरच्यावर हात धरला. बाहेरचं पाणी चालणार नाही म्हणाल्या.

"पाणी नाय हो ते," आई म्हणाल्या. "तीर्थ हाय. देव्हाऱ्यातलं."

सिस्टर रागावल्या नाहीत. बाटली त्यांनी आईंच्या हातातच राहू दिली. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं, आत जाताना बोट बुडवून खूण करतात. करोना आला तेव्हा फादरनी ते भांडं रिकामं करून पुसून ठेवलं. त्यांच्या सासूबाई चर्च उघडल्यावर गेल्या, तर कोरड्या भांड्यात बोट बुडवून, खूण करून आत. कितीतरी महिने तसंच. देवाची काही तक्रार आली नाही.

मी त्या बाटलीकडे बघत होते. डोकं जड होतं, पण एक गोष्ट हळूहळू वर येत होती. मी विचारलं, "आई, हे पाणी उकळलेलं आहे?"

"देवाचं पाणी कोण उकळतं गो?" त्या म्हणाल्या. "तापवलेलं चालत नाय देवाला. ताजं भरायचं."

जूनमध्ये, पाण्याला वास यायला लागल्यानंतरच्या आठवड्यात, बिल्डिंगची वार्षिक सत्यनारायणाची पूजा झाली होती. तीर्थाचा मान दरवर्षी आमच्या आईंचा. त्यांनी तांब्या चिंचेने लखलखीत घासला आणि सरळ नळाखाली धरला. प्रसादाचा शिरा शिजलेला, पिण्याचं पाणी उकळलेलं, सगळी बिल्डिंग नियमाने वागलेली. फक्त तीर्थ कच्चं. आणि ते चुकवून कुणी घरी गेलं नव्हतं, कारण तीर्थ न घेता कुणी जात नाही. मी हात पुढे केला तेव्हा आईंनी पळीभर दिलं, मी प्यायले, हात डोक्यावरून फिरवला. मग त्या म्हणाल्या, थांब, बाळाचं राहिलं. आणि दुसरी पळी दिली.

आई बाटलीचं झाकण लावत होत्या, ते आटे चुकत होते आणि त्या पुन्हा पुन्हा लावत होत्या.

संध्याकाळी हात स्थिर झाले. का झाले ते मला ठाऊक नाही. रक्ताचा रिपोर्ट जरा बरा आला आणि ॲम्ब्युलन्सला नको म्हणून कळवलं. नितीनला मी तीर्थाचं सांगितलं. त्याने आधी आई जवळपास नाहीत ना ते पाहिलं. मग म्हणाला की आईला यातलं एक अक्षर सांगू नकोस, ती जिवाला लावून घेईल, बाळ सुखरूप होऊ दे मग बघू. डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की असेलही, नसेलही, नक्की कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे गप्प बसणं मला सोपं झालं.

चिंच

घरी आले ते श्रावण संपता संपता. डोळे निवळले होते, पण दर आठवड्याला तपासणी होती आणि बाळंतपण होईपर्यंत बेफिकीर राहू नका अशी सक्त ताकीद होती. जिना चढताना नितीनने आणि आईंनी मला दोन बाजूंनी धरलं. शेजारणींनी दार उघडून विचारपूस केली. माहेर मानवलं का, असं एकीने विचारलं, आणि ती थट्टा करत नव्हती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सावंतकाका आले. पार्किंगमध्ये बिल्डिंगचा गणपती बसतो. यंदा पूजेला दुसऱ्या मजल्यावरची प्राजक्ता आणि तिचा नवरा बसणार, आणि तीर्थाचं नेहमीप्रमाणे मावशींनी, म्हणजे आमच्या आईंनी, बघावं, एवढं सांगून ते गेले. प्राजक्ताला सहावा महिना होता.

आई स्वयंपाकघरात चिंच भिजवून बसल्या. तांब्या मांडीशी घेतला. मी दारात उभी राहिले. नितीनला दिलेला शब्द आठवत होता, पण प्राजक्ताचा तीर्थासाठी पुढे केलेला हात डोळ्यांसमोरून हलत नव्हता. खाली बसले, आणि सांगितलं. शक्य तेवढं हळू सांगितलं. डॉक्टर म्हणतात नक्की नाही, हेही दोनदा सांगितलं.

त्यांचा हात थांबला. "म्हंजे मी दिलं तुला."

"आई, तसं नाही..."

"दोन पळ्या दिल्या," त्या म्हणाल्या. "माझ्या हातनं. बाळाचं म्हणून वेगळं दिलं."

मी त्यांचा हात धरायला गेले, तर तो चिंचेने बरबटलेला होता, त्यांनी मागे घेतला. मग पुन्हा तांब्या घासायला लागल्या. स्वच्छ झाला होता तरी घासत राहिल्या. त्या रात्री नितीन माझ्याशी बोलला नाही.

हात वर करा

सकाळी उठले तर गॅसवर पातेलं खदखदत होतं. आईंनी पाणी गाळलं, झाकून निवू दिलं आणि तांब्यात भरलं. खाली मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. पूजा झाली, आरत्या झाल्या, टाळ थांबले. आई तांब्या आणि पळी घेऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांचे उजवे हात पुढे आले, सवयीने, तळव्याची वाटी करून. पहिला हात प्राजक्ताचा.

आईंनी पळी भरली नाही.

"आधी एक सांगते," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, मागच्यांना ऐकू यायला वेळ लागला. "हे पाणी मी उकळलंय. जूनच्या पूजेला उकळलं नव्हतं. ते माझ्या सुनेच्या पोटात गेलं. कोणाकोणाच्या गेलं ते तुमचं तुम्हाला ठाव."

सावंतकाका पुढे झाले. "मावशी, आजच्या दिवशी देवापुढे हे कशाला?"

"देवापुढं खोटं नको म्हणून," आई म्हणाल्या. "त्या बाया दारात आल्या, तेव्हा सून माहेरी गेलीय म्हणून सांगितलं मी. ती तिथं जीव मुठीत धरून पडली होती. ज्याच्या घरात कावीळ झाली त्यानं हात वर करावा. तोवर मी तीर्थ देणार नाय." आणि पळी धरलेला स्वतःचा हात त्यांनी वर केला.

तीर्थासाठी पुढे आलेले हात तसेच अधांतरी राहिले. मागेही घेता येईनात, वरही नेता येईनात. मला खुर्चीत बसवेना. नितीन माझ्या मागे उभा होता. त्याच्या आईला इतक्या माणसांत एकटी हात वर करून उभी बघून तो काय करेल याची मला धास्ती वाटत होती. त्याने हात वर केला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या, पित्त वाढलेल्या मुलाच्या आईने. मग वरचं बटण लावलेल्या एका गृहस्थांनी, मग त्यांच्या शेजारच्यांनी. प्राजक्ता मान वळवून एकेक हात बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. यांच्यातल्या कित्येकांनी तिला जिन्यात सांगितलं होतं की घाबरू नकोस, वृषालीने बाहेरचं खाल्लं होतं.

सगळ्यात शेवटी सावंतकाकांचा हात वर गेला. त्यांचा नातू महिनाभर शाळेत गेला नव्हता.

आईंनी हात खाली घेतला. उकळलेलं ज्याला चालत नसेल त्याने घेऊ नये, असं म्हणाल्या आणि वाटायला सुरुवात केली. मला द्यायला खुर्चीपाशी आल्या. मी हात पुढे केला. तो थरथरत होता, आणि या वेळी यकृताचा काही संबंध नव्हता. मला ते पाणी नको होतं. उकळताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं तरी नको होतं. आईंना ते दिसलं असावं, कारण त्यांनी पळी भरून तशीच धरून ठेवली, पुढे केली नाही. मीच हात वर नेऊन पळीखाली धरला आणि प्यायले. त्यांनी एकच पळी दिली.

दुसऱ्या दिवशी सावंतकाकांनी स्वतः फोन करून खात्याच्या माणसांना बोलावलं. टाकीच्या भिंतीला चीर निघाली आणि पलीकडून गटाराची नळी गेलेली निघाली. टाकी सील झाली, अगदी त्यांना भीती होती तशीच. विसर्जन होऊन गेलं तरी आम्ही हंडे घेऊन खाली रांगा लावत होतो. अजूनही जिन्यात दोन-तीन घरं आमच्याशी तोंडदेखलं बोलतात, मावशींनी चारचौघांत अब्रू काढली म्हणून. प्राजक्ताला काही झालं नाही. मला वाटतं, एवढ्या एका वाक्यासाठी त्या रांगा सोसायला हरकत नव्हती.

नवरात्रात मला मुलगी झाली. पेढा खोटा ठरला. वजन कमी होतं, आणि दुसऱ्याच दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. नवजात बाळांना अशी कावीळ होतेच, निळ्या दिव्याखाली ठेवलं की उतरते, असं डॉक्टरबाईंनी हसून सांगितलं. आईंचा विश्वास बसला नाही. दिवा बंद होईपर्यंत त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या, आणि कुणी बसवायला गेलं की मान हलवायच्या. आता ती चांगली गुटगुटीत आहे आणि रात्रभर कुणाला झोपू देत नाही. तिच्या झोपा मी मोडल्या होत्या, त्याची वसुली करते आहे.

बारशानंतर थोड्याच दिवसांनी त्या खात्याच्या बायका पुन्हा आल्या. मी आत मुलीला पाजत होते. दार आईंनी उघडलं. घरात कुणी आजारी आहे का, असा तोच प्रश्न आला.

"हाय ना," आई म्हणाल्या. "आत या, बसा. सांगते."

आणि त्यांनी नितीनच्या सर्दीपासून सुरुवात केली.